औषधपाणी : आधी रक्कम पाडा, मग हप्ते

जानेवारीत फार्मसीच्या काउंटरवर बसलेला घाव फेब्रुवारीत माझ्या टपालात उतरतो. दरवर्षीचं आहे हे. १ जानेवारीला मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, पार्ट डी चं (औषधविम्याचं) मीटर पुन्हा शून्यावर येतं, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम) नव्याने सुरू होतं आणि डिसेंबरपर्यंत निवांत असलेली मंडळी एकदम पत्रं लिहायला बसतात. या वेळच्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विषय आहे : औषधांचे पैसे महिन्या-महिन्याला भरायची मेडिकेअरची सोय घ्यावी की नाही. म्हणून इतर प्रश्न (गुडघे, व्हिटॅमिन डी, आणि ते एक हळदीच्या कॅप्सूलचं) पुढच्या अंकावर ढकलले आहेत.

ताई, नमस्कार. मी ७६ वर्षांचा, सौ. ७३ वर्षांची. एडिसनला मुलाच्या घरापासून दोन मैलांवर भाड्याच्या जागेत राहतो. सौ.ला हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा त्रास आणि मधुमेह. एलिक्विस आणि जार्डियन्स, दोन्ही तीन-तीन महिन्यांच्या एकदम आणतो. गेल्या वर्षी जुलै आणि ऑक्टोबरमध्ये दुकानात एक पैसाही घेतला नव्हता. ६ जानेवारीला काउंटरवरच्या मुलीने ७८२ डॉलर सांगितले. मी समजलो ७८. दोनदा विचारलं. मागे रांग लागलेली, शेवटी कार्ड पुढे केलं. तिने पिशवीत एक कागद टाकला. मुलगा म्हणतो, बाबा, हे हप्त्यांचं आहे, घेऊन टाका. मी आयुष्यात कुणाचं देणं ठेवलेलं नाही. दोघांचं सोशल सिक्युरिटी मिळून महिना २,३०० डॉलर येतं, दुसरं उत्पन्न नाही. कराडला वडिलोपार्जित घरात हिस्सा आहे, तो नावापुरताच. हप्ते घ्यावेत का? व्याज किती पडेल?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

भाऊ, व्याज शून्य. उशीर झाला तर दंडही नाही आणि नाव नोंदवायला फीसुद्धा नाही. एवढं आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

आता तुमचे ७८२ कुठून आले ते बघू. बिल समजलं नाही तर माणूस आधी दुकानदाराला शिव्या देतो. काउंटरमागे सत्तावीस वर्षं उभी राहून त्यातल्या बऱ्याच मी खाल्ल्या आहेत.

मेडिकेअरने काही महागड्या औषधांचे भाव कंपन्यांशी घासाघीस करून ठरवले. ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले आणि तुमची दोन्ही औषधं त्या पहिल्या दहांत आहेत. एलिक्विसचा भाव महिन्याला २३१ डॉलर, जार्डियन्सचा १९७. तीन महिन्यांचे अनुक्रमे ६९३ आणि ५९१. मुलीने एलिक्विसची बाटली आधी स्कॅन केली असं धरू. या वर्षीचं डिडक्टिबल ६१५ डॉलर आहे, म्हणजे तेवढे पहिले डॉलर पूर्ण तुमच्या खिशातून. त्यापुढे चौथा हिस्सा तुमचा, म्हणजे उरलेल्या ७८ चे साडेएकोणीस. झाले ६३४.५०. नंतर जार्डियन्स : डिडक्टिबल संपलेलं, म्हणून ५९१ चा चौथा हिस्सा, १४७.७५. बेरीज ७८२ आणि वर एक पावली. तुमचा प्लॅन साध्या सरकारी आराखड्याप्रमाणे चालणारा दिसतो. इतर प्लॅनमध्ये ठरावीक कोपे (दर औषधामागे द्यायची ठरलेली रक्कम) असतात, तिथे आकडे वेगळे येतील.

गेल्या वर्षी जुलैनंतर फुकट का मिळालं? कारण तेव्हा या औषधांचे भाव चढे होते. २०२५ मध्ये वर्षभराच्या खिशातल्या खर्चाला २,००० डॉलरची मर्यादा होती आणि तुम्ही ती एप्रिलच्या खरेदीतच गाठलीत. मर्यादा गाठली की पुढे पार्ट डी च्या औषधांना काही पडत नाही. २०२६ ला मर्यादा २,१०० आहे, पण भाव उतरल्यामुळे तुम्ही तिथवर पोचणारच नाही. एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये ६९३ आणि ५९१ च्या बेरजेचा चौथा हिस्सा, प्रत्येकी ३२१ द्याल आणि वर्षाची बेरीज होईल १,७४५ च्या आसपास. गेल्या वर्षीपेक्षा कमीच. फक्त जानेवारीत एकदम ७८२ गेले म्हणून लुटल्यासारखं वाटतं.

पिशवीतला कागद नेमका याचसाठी होता. एकाच प्रिस्क्रिप्शनवर खिशातले ६०० किंवा जास्त डॉलर जाणार असतील, तर फार्मसीने तो हातात द्यायचा असतो. तुमच्या एलिक्विसने ६३४ ची उडी मारली आणि मशीनने घंटी वाजवली. कागद पिशवीत टाकण्याऐवजी ‘काका, आज पैसे देण्याआधी हा वाचा’ एवढं वाक्य ती मुलगी बोलली असती तर बरं झालं असतं. पण मागे रांग असताना आम्ही सगळ्यांनी कागद पिशवीतच टाकले आहेत. कबूल करते.

आता ही सोय चालते कशी. नाव मोठं आहे : मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन. २०२२ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या महागाई घटवण्याच्या कायद्यातून ती आली आणि १ जानेवारी २०२५ ला सुरू झाली. पार्ट डी देणाऱ्या प्रत्येक विमा कंपनीला ती द्यावीच लागते.

माझ्या वडिलांचं मिरजेला औषधांचं दुकान होतं. तिथे लाल कापडी पुठ्ठ्याची एक खातेवही असायची. गिऱ्हाईक औषध घेऊन जायचं, वहीत मांडायचं आणि पगार झाला की येऊन काही रक्कम टेकवायचं. ही सोय म्हणजे तीच वही, फक्त ती दुकानात न राहता विमा कंपनीकडे गेली आहे. फार्मसीत तुम्ही शून्य देता, दुकानाला कंपनी देते आणि कंपनी दर महिन्याला तुम्हाला बिल पाठवते. वडिलांच्या वहीत आणि या वहीत मोठा फरक एकच : वडील ‘पुढच्या दिवाळीला बघू’ म्हणायचे. इथे खातं वर्षाचं वर्षात मिटवायचं असतं. त्यामुळे औषध जितक्या उशिरा घ्याल तितके पुढे महिने कमी उरतात आणि तुकडे मोठे पडतात.

हा मुद्दा कोणी नीट सांगत नाही. लोकांना वाटतं, हप्ता म्हणजे गाडीच्या कर्जासारखा, बारा महिने एकच आकडा. तसं नाही. तुम्ही डिसेंबरमध्येच नाव नोंदवलं असतं तर काय झालं असतं, तुमच्याच औषधांवर मांडून दाखवते.

पहिल्या महिन्याला एक छत असतं : वर्षाची मर्यादा भागिले उरलेले महिने. २,१०० भागिले १२, म्हणजे १७५. तुम्ही घेतले ७८२ चे, पण जानेवारीचं बिल १७५ च. राहिले ६०७. ते उरलेल्या अकरा महिन्यांत वाटायचे : फेब्रुवारी आणि मार्चला ५५-५५. इथपर्यंत सगळे खूश असतात. एप्रिलमध्ये नवी खरेदी ३२१ ची. ती जुन्या बाकीत मिळवायची आणि नऊने भागायचं : एप्रिल ते जून ९१. जुलैत पुन्हा ३२१, आता भागायला महिने सहाच : १४४. ऑक्टोबरला परत ३२१ आणि महिने उरले तीन. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला प्रत्येकी २५१ डॉलर.

बघा, ५५ वरून २५१! गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ‘कंपनीने बिल वाढवलं, फसवलं’ म्हणून पत्रं आली, त्यांचं उत्तर या भागाकारात आहे. फसवलेलं नसतं. बेरीज तीच १,७४५ असते. फक्त वर्षाचा डोंगर जानेवारीतून उचलून शेवटच्या तिमाहीत नेऊन ठेवलेला असतो. ज्याच्या घरी ऑक्टोबरात नातवंडांचे वाढदिवस, दिवाळी आणि हीटिंगचं बिल एकदम येतं, त्याने ही सोय घेण्याआधी हा डोंगर डोळ्यांसमोर आणावा.

मग तुम्ही घ्यावी का? या वर्षी नको. मोठा घाव तुम्ही सोसून झालात. आधी भरलेले ७८२ मागे जाऊन हप्त्यांत टाकता येत नाहीत. त्याला एक अपवाद आहे, तो खाली फ्रीमॉन्टच्या पत्रात सांगते. आता राहिले तीन महिन्यांनी एकदा ३२१. त्यासाठी दर महिन्याला एक नवं पाकीट फोडत बसण्यापेक्षा त्या-त्या वेळी द्या आणि मोकळे व्हा.

पण भाऊ, तुमच्या पत्रातली मला खटकलेली ओळ हप्त्यांची नाहीच. ‘दोघांचं मिळून २,३००’ ही आहे. वर्षाला २७,६०० झाले. एवढ्या उत्पन्नात तुम्ही ७८२ द्यायलाच नको होते!

न्यू जर्सीत ज्येष्ठांसाठी राज्याची औषध योजना आहे, सगळे तिला पीएएडी म्हणतात. ६५ पूर्ण झालेले रहिवासी, आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत. २०२५ ला जोडप्यासाठी ती मर्यादा ६०,६९० डॉलर होती. तुम्ही तिच्या निम्म्यावरही नाही. या योजनेत जेनेरिकला ५ डॉलर आणि ब्रँडच्या औषधाला ७ डॉलर, एवढंच दर प्रिस्क्रिप्शनमागे पडतं. तीन महिन्यांची न घेता महिन्या-महिन्याची घेतलीत तरी दोन औषधांचे वर्षाला १६८ डॉलर. १,७४५ कुठे आणि १६८ कुठे. १६८ चे हप्ते पाडायची कुणाला गरज आहे?

शिवाय केंद्र सरकारची एक्स्ट्रा हेल्प म्हणून मदत आहे. त्यात डिडक्टिबल माफ होतं आणि २०२६ ला ब्रँडच्या औषधाला जास्तीत जास्त १२.६५, जेनेरिकला ५.१० पडतात. तिथे उत्पन्नाबरोबर मालमत्ताही बघतात. राहतं घर आणि गाडी सोडतात, पण बँकेतल्या ठेवी मोजतात आणि राहत्या घराखेरीज दुसरी स्थावर मालमत्ताही मोजतात. ती भारतात आहे म्हणून सुटत नाही. आपल्या लोकांची इथेच गडबड होते : सांगलीच्या बँकेतली एफडी, कोथरूडचा बंद फ्लॅट, ‘नावापुरता’ हिस्सा. कराडचं घर लपवू नका, अर्जात जसं आहे तसं लिहा. त्यामुळे एक्स्ट्रा हेल्प हुकली तरी पीएएडी हुकत नाही, कारण पीएएडीला मालमत्तेची अट नाही, फक्त उत्पन्नाची आहे. (तिथे मात्र एफडीचं व्याज दाखवावं लागतं.)

दोन्हीकडे वेगवेगळं धावू नका. एनजेसेव्ह नावाचा राज्याचा एकच अर्ज आहे, त्यात पीएएडी बसते का, पार्ट बी चं (डॉक्टरांच्या खर्चाच्या विम्याचं) दरमहा २०२.९० डॉलरचं प्रीमियम सुटतं का, सगळं एकदम तपासतात. पीएएडी मिळाली की वीज-गॅसच्या बिलात वर्षाला २२५ डॉलरची सूटही मिळू शकते. मुलाला म्हणावं, हप्त्यांचं राहू दे, शनिवारी लॅपटॉप घेऊन ये.

‘कुणाचं देणं ठेवलं नाही’ असं तुम्ही लिहिलंत. अर्ज भरताना हेच वाक्य आडवं येईल, म्हणून आत्ताच बोलते. ही भीक नाही. तुम्ही इथे कर भरलेत, त्यातलंच हे आहे. माझ्या काउंटरवर एक गृहस्थ यायचे, रक्त पातळ ठेवायची गोळी दिवसातून दोनदा घ्यायची ती एकदाच घ्यायचे. ‘बाटली जास्त दिवस पुरते.’ मी रिफिलच्या तारखा मोजल्या तेव्हा कळलं. पगडी सांभाळायची म्हणून मेंदूत गुठळी ओढवून घ्यायची, हा कुठला व्यवहार?

पेनसिल्व्हेनियात अशीच योजना पेस नावाची आहे, न्यूयॉर्कला एपिक. नियम आपापले, पण तिथल्या वाचकांनीही हप्त्यांआधी तिकडे बघावं.

काकू, अर्जंट आहे. सासूबाईंना कॅन्सरची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी हप्त्यांची सोय घेतली होती, छान चाललं होतं. नोव्हेंबरमध्ये प्रीमियम कमी म्हणून आम्ही प्लॅन बदलला. आज फार्मसीत २,१०० डॉलर मागितले. ‘तुम्ही हप्त्यांत नाही’ म्हणतात. वर जुन्या कंपनीचंही बिल आलंय. हे काय आहे?
— एक सून, फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

हिला मी पत्र आलं त्याच दिवशी फोन केला, कारण ती गोळी अंक छापून येईपर्यंत थांबणारी नव्हती. बाकीच्यांसाठी इथे लिहिते.

सोय माणसाला चिकटलेली नसते, प्लॅनला चिकटलेली असते. त्याच प्लॅनमध्ये राहिलात तर २०२६ पासून ती आपोआप पुढे चालू राहते, पुन्हा अर्ज नको. प्लॅन बदललात की नवी कंपनी, नवी वही, नवा अर्ज. ऑक्टोबरच्या १५ पासून डिसेंबरच्या ७ पर्यंत प्लॅन बदलायचे दिवस असतात. त्याच बैठकीत नव्या कंपनीला सांगून टाकायचं की हप्ते हवेत. जुन्या कंपनीचं बिल खरं आहे, गेल्या वर्षी घेतलेल्या गोळ्यांची ती बाकी आहे. ती फेडायचीच.

फार्मसीत उभं राहून या सोयीत नाव घालता येत नाही, ते काम कंपनीचं. फोनवर, त्यांच्या वेबसाइटवर किंवा कागदी फॉर्मवर. वर्ष सुरू झाल्यावर केलेला अर्ज कंपनीने २४ तासांत मार्गी लावायचा असतो. म्हणून मी सुनेला सांगितलं : पैसे देऊ नकोस, गोळी काउंटरवरच ठेवायला सांग, गाडीत बसून कार्डाच्या मागच्या नंबरला फोन लाव. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला, काउंटरवर शून्य पडले.

आणि अपवाद हा : औषध इतकं तातडीचं आहे की २४ तास थांबणं जिवावर बेतेल, म्हणून तुम्ही पैसे देऊन ते घेतलंत, तर ७२ तासांच्या आत कंपनीकडे अर्ज करायचा. मग ते पैसे परत मिळून हप्त्यांत जातात. एडिसनच्या भाऊंचं प्रकरण यात बसत नव्हतं, आणि ७२ तास केव्हाच उलटून गेले होते.

सासूबाईंसारख्यांसाठी ही सोय खरी. सगळी मर्यादा जानेवारीच्या एकाच खरेदीत संपते, नंतर वर्षभर शून्य. २,१०० भागिले बारा, दर महिन्याला १७५. चढ नाही, उतार नाही, ऑक्टोबरचा डोंगर नाही. या सोयीची जाहिरात करताना सगळे हेच उदाहरण देतात. उलट कोलेस्टेरॉल-बीपीच्या दोन-तीन डॉलरच्या गोळ्या घेणाऱ्याने यात पडण्यात काही अर्थ नाही.

मावशी, मी सांगलीहून लिहितोय. माझे काका-काकू टेक्सासला आहेत. काकांची जार्डियन्स तिथे फार महाग पडते म्हणतात. तेच औषध इथे आता स्वस्त झालंय. मी कुरिअरने पाठवू का? आणि ते पैसे त्यांच्या त्या वार्षिक मर्यादेत धरले जातात का?
— एक पुतण्या

मर्यादेत धरले जात नाहीत. प्लॅनच्या यादीत असलेलं औषध प्लॅनमधून घेतलं तरच ते त्या २,१०० मध्ये मोजतात. सांगलीच्या मेडिकलची पावती इथे कुणी बघत नाही.

स्वस्त झालंय हे खरं. जार्डियन्समधल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपलं आणि त्याच महिन्यात देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात उतरल्या. इथे अमेरिकेत अजून ब्रँडचीच आहे. फरक डोळ्यांत भरतो, तुझा जीव तुटतो, समजतं मला. पण कुरिअरने पाठवू नकोस. असं परदेशातून आलेलं औषध एफडीए (इथलं औषध-नियंत्रण खातं) अडवू शकतं, आणि पाकीट अडकलं की काकांच्या गोळ्यांत पंधरा दिवसांचा खंड. शिवाय इथल्या फार्मसीच्या संगणकात ते औषध नसतं. उद्या डॉक्टरांनी नवीन काही लिहून दिलं तर दोन औषधं एकमेकांशी भांडतात का ते तपासणारं कुणी उरत नाही. माझ्या मते हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं.

काकांना विचार की एक्स्ट्रा हेल्पचा अर्ज केला होता का. ती केंद्राची आहे, टेक्सासलाही मिळते. मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ या नंबरवर दुभाषी मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. काकांना इंग्रजी येत असलं तरी मागायला सांग. इंग्रजी येणं आणि विम्याचं इंग्रजी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक राज्यात मेडिकेअरचा मोफत सल्ला देणारे प्रशिक्षित लोक असतात, तो पत्ताही याच नंबरवर मिळतो. ते काही विकत नाहीत, म्हणून एजंटाआधी त्यांच्याकडे जावं.

ताई, हप्त्यांचं एक बिल भरायचं राहिलं. मेडिकेअर बंद होईल का? चार दिवस झोप नाही. सुनेला सांगायची लाज वाटते.
— एक आजी, नेपरव्हिल, इलिनॉय

आजी, आज रात्री झोपा. मेडिकेअर बंद होत नाही. औषधांचा विमाही बंद होत नाही.

तुमच्या आधी हे माझ्या घरात झालंय, आणि मी तर फार्मासिस्ट! गेल्या वर्षी आमच्या ह्यांना मी या सोयीत घातलं. कंपनीकडून दर आठवड्याला काही ना काही पांढऱ्या पाकिटातून येतच असतं : दातांची योजना घ्या, जिमचं सभासदत्व घ्या, पौष्टिक आहाराची पाककृती. मी दारातल्या दारात चाळते आणि रद्दीच्या निळ्या डब्यात टाकते. तशीच दोन बिलं टाकली. पाकीट तेच, खिडकी तीच. तिसऱ्या पाकिटावर लाल अक्षरं होती म्हणून फोडलं.

कंपनीला फोन केला. चाळीस मिनिटं सनई ऐकल्यासारखं तेच ते संगीत. मग जो मुलगा बोलला तो म्हणाला, पैसे भरले नाहीत तर औषधांचा विमा रद्द होईल. मी म्हटलं, बाळा, नियम काढ आणि वाच. त्याने काढला, वाचला आणि म्हणाला, सॉरी मॅम. मला ठाऊक होतं म्हणून विचारलं. तुमच्यासारखी आजी असती तर तिने घाबरून त्याच क्षणी कार्डाचा नंबर सांगितला असता.

नियम असा आहे. बिल चुकलं की कंपनीने १५ दिवसांत कळवायचं. नंतर किमान दोन महिन्यांची सवलत मिळते. त्या मुदतीत भरलंत की काही झालंच नाही असं समजायचं. नाहीच भरलं तर हप्त्यांच्या सोयीतून बाहेर काढतात, एवढंच. मग फार्मसीत पूर्वीसारखे तिथल्या तिथे पैसे द्यायचे. बाकी फेडायची असतेच, पण तिच्यावर व्याज-दंड चढत नाही, आणि ती फेडेपर्यंत कंपनी पुन्हा सोयीत घेणार नाही असं होऊ शकतं.

फक्त एक तपासा : तुमचं राहिलेलं बिल हप्त्याचंच आहे ना? विम्याचं प्रीमियम वेगळं असतं, त्याचं बिल वेगळं येतं. प्रीमियम थकवलं तर मात्र विम्यावर गदा येऊ शकते. पाकिटं सारखीच दिसतात, म्हणून सांगते. वाचता येत नसेल तर नातवाला फोटो काढून पाठवा, तो सुनेला सांगणार नाही.

आता आमच्याकडे हप्ता बँकेतून आपोआप जातो. तरी फ्रीजवर मी एक कागद लावलाय, बारा चौकोन काढलेले. दर महिन्याला पैसे गेले की हे त्यात पेनाने फुली मारतात. मागच्या आठवड्यात त्यांनी चुकून मार्चच्या चौकोनातही मारून ठेवली, म्हणून आता पेन माझ्याकडे आहे.